तमाशाच्या एका रात्रीचा हिशोब

(ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही किंवा ज्यांचा दिवसाचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं नेहमीप्रमाणं लिहून टाकलंय. बोलण्यातला ढंग शक्यतो तसाच ठेवलाय.)

आज मी तिसगावातून बोलतेय. अहिल्यानगर जिल्हा, पाथर्डी तालुका, कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरचं गाव. मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला कधी आला असाल, तर तिसगाव तुम्ही नक्की पाहिलंय. निदान इथं थांबून चहा तरी प्यायलाय.

माझं काम असं, की दिवसा मी दोन-तीन दुकानांचे हिशोब लिहिते आणि रात्री लग्नाचे, वाढदिवसाचे व्हिडिओ एडिट करते. त्यामुळं माझ्या डोक्यात दोन खाती कायम उघडी असतात. एक पैशाचं आणि एक गाण्या-बजावण्याचं. आज ही दोन्ही खाती एकाच पानावर मांडून बघायचीत.

निमित्त नेहमीचंच आहे. गावोगावी यात्रा कमिटीची बैठक बसते, वर्गणीचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतंच, "तमाशावर एवढा पैसा कशाला? एका रात्रीत उडून जातो." म्हणणारा चुकीच्या हेतूनं म्हणत नसतो. दुष्काळी पट्टा आहे, पैसा जपूनच खर्च करायला पाहिजे. पण मी हिशोब लिहिणारी बाई आहे. पैसा उडून जातो म्हटलं, की मला पहिला प्रश्न पडतो, उडून कुठं जातो? कुणाच्या ना कुणाच्या हातात पडत असेलच ना? त्या हातांचा माग काढू.

एका रात्रीत किती हात

आपल्याकडच्या यात्रेचा क्रम तुम्हाला पाठ आहे. काठी, कावड, शेरणी. रात्री छबिना आणि त्यानंतर लोकनाट्य तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी कलाकारांच्या हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा. मग पाहुणे जेवून आपापल्या गावाला.

आता फक्त तमाशा घ्या. मी ढोलकीच्या फडाबद्दल बोलतेय, कलाकेंद्रातल्या संगीत बारीचं गणित वेगळं असतं. स्टेजवर तुम्हाला काय दिसतं? गण, गवळण, बतावणी, शेवटी वग. सोंगाड्या हसवतो, मावशी कृष्णाला अडवते, ढोलकीवाला आणि हलगीवाला यांची जुगलबंदी लागते. नाचणाऱ्या मुली, गाणाऱ्या बायका, वगातला राजा, प्रधान, शिपाई. हे झाले पुढचे.

मागं काय आहे? पडदे आणि कनात लावणारी माणसं. लाईटवाला, साउंडवाला, जनरेटरवाला. ट्रकचे ड्रायव्हर. सगळ्यांसाठी भाकरी-कालवण करणारे आचारी. कपडे सांभाळणारा एक माणूस, पेट्या उचलणारे चार. सुपारी ठरवायला आधी गावोगाव फिरणारा मॅनेजर. मोठ्या फडात ही सगळी संख्या शंभराच्या पुढं जाते. म्हणजे चाकांवर चालणारा एक छोटा कारखानाच म्हणा. फरक एवढाच, की कारखान्याचा माल गोदामात शिल्लक राहतो. यांचा माल पहाटे चारला संपतो आणि उद्या दुसऱ्या गावात पुन्हा नव्यानं तयार करावा लागतो.

सोपं गणित करू. हा आकडा फक्त समजायला घेतलाय, कुठल्या गावाचा नाही. सुपारी एक लाखाची धरा, माणसं शंभर धरा. माणशी हजार आले. मग त्यातून डिझेल काढा, ट्रकची देखभाल काढा, दोन वेळचं जेवण काढा, मालकानं उचललेल्या कर्जाचं व्याज काढा. बघा काय उरतंय. ज्याला आपण उधळपट्टी म्हणतो, ती वाटून पाहिली तर बऱ्याच जणांच्या वाट्याला मजुराच्या हजेरीएवढी येते.

आणि हा फक्त फडाचा भाग झाला. गावात त्या रात्री भेळवाला उभा असतो, पानटपरी चालते, रसवंती चालते, खेळणीवाला, पाळणेवाला, फुगेवाला, मंडपवाला, फ्लेक्सवाला येतो. माझ्यासारखीला कुणीतरी शूटिंग एडिट करायला देतं. यात्रेला माणूस देवासाठी येतो हे खरंच, पण रात्रभर थांबतो तो कार्यक्रमासाठी. आणि जो थांबतो तोच खर्च करतो.

मढीची यात्रा याचंच मोठं रूप आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत चालते, रंगपंचमीला गर्दीचा कळस होतो. तिला भटक्यांची पंढरी म्हणतात. राज्यातून आणि राज्याबाहेरूनही भटक्या जमाती इथं येतात, गाढवांचा मोठा बाजार भरतो. नंदीवाले, गोंधळी, बहुरूपी ही माणसं पिढ्यान् पिढ्या कला दाखवून पोट भरत आलीत. कुणी त्यांना कधी 'क्रिएटिव्ह इंडस्ट्री' म्हटलं नाही. पण कला विकून घर चालवणं हाच जर त्या शब्दाचा अर्थ असेल, तर ती आपल्या वेशीवरून शेकडो वर्षं येतेय-जातेय.

जगाचा आकडा हवा असेल तर तोही सांगते. युनेस्कोनं २०२२ साली आपल्या अहवालात म्हटलंय, की संस्कृती आणि सर्जनशील क्षेत्राचा जगाच्या एकूण उत्पन्नात ३.१ टक्के वाटा आहे आणि जगातल्या एकूण रोजगारात ६.२ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. रोजगाराचा वाटा उत्पन्नाच्या वाट्याच्या दुप्पट आहे. हिशोबाच्या भाषेत याचा सरळ अर्थ असा, की इथं माणसं खूप लागतात आणि माणशी पैसा कमी पडतो. आपल्या फडाचं गणितही हेच सांगत होतं.

उचल: आपल्या तालुक्याला माहीत असलेला शब्द

पाथर्डी तालुक्यात 'उचल' हा शब्द समजावून सांगायला लागत नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्यावर जायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. उचल फिटली तर ठीक, नाहीतर बाकी पुढच्या हंगामावर.

तमाशातही हाच शब्द आहे. पावसाळ्यात कलाकार फडमालकाकडून उचल घेतात. त्यावर घरचं लग्न होतं, पोरांची फी जाते, दवाखाना होतो. आणि मालक ती उचल द्यायला स्वतः सावकाराकडून पैसे घेतो. दसऱ्याच्या सुमाराला फड बाहेर पडतात, गावोगावी तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतात. पाडव्याच्या आसपास यात्रांचा हंगाम सुरू होतो. तेव्हा पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तिथं सुपाऱ्या द्यायला जातात. चैत्र-वैशाखातल्या या थोड्या आठवड्यांवर वर्षाची बाकी फिटणार की वाढणार हे ठरतं.

दोघांचा हंगाम जवळजवळ एकच, दोघांचा कागद एकच, दोघांचं बिऱ्हाड ट्रकवर. एकजण ऊस तोडतो, दुसरा रात्रभर नाचतो, गातो. पण ऊसतोड कामगाराला आपण निदान कामगार तरी म्हणतो. त्याच्या मजुरीच्या दरावर संप होतात, चर्चा होतात. तमाशातल्या माणसाला आपण 'कलावंत' म्हणतो, हार घालतो आणि मजुरीचा विषय तिथंच संपतो.

हा धंदा किती नाजूक आहे ते २०२० साली दिसलं. त्या वर्षी गुढीपाडवा होता २५ मार्चला. देशात लॉकडाऊन सुरू झाला तोही त्याच दिवशी. ज्या दिवशी सुपाऱ्यांचा बाजार तेजीत यायचा, त्या दिवशी रस्तेच बंद. यात्रा रद्द झाल्या, २०२१ चा चैत्रही तसाच गेला. पण उचल दिलेली होती, व्याज चालू होतं, ट्रक उभे होते. आपल्या जिल्ह्यातल्या संगमनेरच्या कांताबाई सातारकर, तमाशातलं एवढं मोठं नाव, मे २०२१ मध्ये कोरोनानंच गेल्या. आणि गंमत बघा, तेच २०२१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासासाठी सर्जनशील अर्थव्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेलं होतं. कागदावर कलेचं वर्ष, आणि ढोलकी खुंटीला.

पैशात न मावणारा भाग

आता सामाजिक किमतीचं बोलू. पण गोड-गोड नको, दोन्ही बाजूंनी बोलू.

जमेची बाजू मोठी आहे. यात्रा आणि कार्यक्रम आहे म्हणून पुण्याला कंपनीत असलेला पोरगा गावी येतो, कारखान्यावर गेलेली घरं परततात, सासुरवाशिणी माहेरी येतात. एरवी बांधावरून बोलणं बंद असलेली दोन घरं त्या रात्री एकाच मांडवात बसतात. बतावणीत सोंगाड्या सरपंचाला, सावकाराला, पुढाऱ्याला सगळ्या गावादेखत चिमटा काढतो आणि ज्याला काढला तोही हसतो. ग्रामसभेत हे कुणी बोलून दाखवावं!

नावे बाजूही तितकीच मोठी आहे. तमाशा उभा केला तो मुख्यतः त्या काळी अस्पृश्य मानलेल्या महार-मांग समाजातल्या आणि कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी. पवळाबाई हिवरगावकर आपल्याच जिल्ह्यातल्या, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या. तमाशाच्या फडावर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी त्या एक. पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी महाराष्ट्रभर गाजली. बापूराव जातीनं ब्राह्मण, कुलकर्णी. ते तमाशात गेले म्हणून त्यांच्यावर केवढा गहजब झाला. ज्या गर्दीनं त्यांना डोक्यावर घेतलं, त्यातलीच माणसं जात विचारायलाही पुढं होती.

मी मुलगी आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. लहानपणी मी तमाशा समोर बसून कधी पाहिला नाही. माळवदावरून ढोलकी ऐकली. आमच्याकडं अजूनही पुष्कळ घरांत हेच आहे. स्टेजवर बायका, समोर सगळे पुरुष. मग पुढच्या रांगेतून शिट्ट्या आणि नको ते हातवारे सुरू होतात आणि कारभारी म्हणतात, "बायकांनी कसं यावं?" याचं उत्तर उलट्या बाजूनं शोधलं पाहिजे. बायका समोर बसायला लागल्या की शिट्ट्या आपोआप कमी होतील. नाचणारीला तिचं काम नीट करता येईल. ती सुद्धा कुणाची तरी आई आहे, पहाटे ट्रकमध्ये मागं बसून तिला पुढच्या गावाला जायचंय.

नाव मोठं, खातं रिकामं

विठाबाई नारायणगावकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. वडील आणि चुलते यांचा भाऊ-बापू नारायणगावकर हा नावाजलेला फड. विठाबाई त्यातूनच पुढं आल्या. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट तमाशाच्या जगात सगळे सांगतात. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला. आणि शेवटची वर्षं? पैशाच्या विवंचनेत. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा औषधपाण्यासाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहायची वेळ आलेली होती. आज राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे. पठ्ठे बापूरावांचंही तेच, १९४५ साली ते गेले ते गरिबीतच.

आपण या गोष्टी ऐकतो, हळहळतो आणि 'नशीब' म्हणून सोडून देतो. मला त्यात नशीब कमी आणि हिशोब जास्त दिसतो. या कलावंतांना पैसा मिळायचा तो एका रात्रीच्या हजर राहण्याचा. अंग चालतंय तोवर सुपारी. गाणं लोकांच्या तोंडी राहिलं, रेकॉर्डवर गेलं, कॅसेटवर गेलं, आता मोबाईलवर आलंय, पण त्या पुढच्या प्रवासाचा पैसा ज्याच्या गळ्यातून गाणं निघालं त्याच्याकडं परत फिरलाच नाही. शेतकरी एकदा ऊस विकतो, पण शेत त्याच्याकडं राहतं. इथं कलाकारानं दरवर्षी पीकही विकलं आणि नकळत सातबाराही.

आणि आता तुमच्या-माझ्यावर येते. ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. मागच्या वर्षी एका यात्रेतल्या हजेरीत एका म्हाताऱ्या कलाकारानं अशी काही हलगी वाजवली, की मी फोन काढून शूट केली. त्यांना विचारून, नाव लिहून रील टाकली. आठवड्यात कुठल्या तरी एका पेजनं ती उचलली. नाव काढलं, स्वतःचा लोगो लावला. माझ्या रीलला हजार-बाराशे व्ह्यूज, त्यांच्याकडं लाखांत. कमेंटमध्ये लोक विचारत होते, "हे आजोबा कुठले? आमच्या गावाला बोलवायचेत." उत्तर द्यायला तिथं कुणी नाही. म्हणजे बघा, त्या माणसाच्या किती सुपाऱ्या हुकल्या असतील. नाव काढून टाकणं म्हणजे नुसता अपमान झाला असं समजू नका, ते रोजगार काढून घेणंच झालं.

जिथं पैसा गावात राहिला

आता दुसरी बाजू, कारण ती आपल्याच जिल्ह्यात आहे.

नगरपासून जवळ सारोळा कासार गाव आहे. तिथल्या सुमन धामणे, वय सत्तरीच्या घरात, आणि त्यांचा नातू, या दोघांनी २०२० मध्ये 'आपली आजी' हे यूट्यूब चॅनेल चालवायला घेतलं. कारल्याची भाजी, पाटवड्या, गावरान मसाले. शाळेत न गेलेली आजी आणि हातात मोबाईल धरलेला नातू. काही महिन्यांत लाखो लोक जोडले गेले. त्याच वर्षी एकदा चॅनेल हॅक झालं, काही दिवसांनी परत मिळालं. त्या चार दिवसांत घरात काय वाटलं असेल विचार करा. पासवर्ड गेला म्हणजे दुकानाची चावीच गेली.

साताऱ्याकडं कोरी पाटी प्रॉडक्शननं 'गावाकडच्या गोष्टी' ही वेब सिरीज केली. गावातलीच माणसं, गावातलीच बोली. भाषा 'सुधारून' घ्यायला कुणी पुण्या-मुंबईला गेलं नाही, आणि तरी लोकांनी पाहिली. खरं तर म्हणूनच पाहिली.

सिनेमाचं बघा. नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्रीगोंदा तालुक्यातले भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा' काढला, त्यासाठी शेतजमीन विकली, आणि ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्या सिनेमाची दखल घेतली गेली, ध्वनिमुद्रणालाही पुरस्कार मिळाला. २०१६ च्या 'सैराट'नं तर तिकीटबारीवर शंभर कोटींच्या वर धंदा केला, तोवर एकाही मराठी सिनेमाला ते जमलं नव्हतं. शूटिंग करमाळा तालुक्यात झालं आणि नंतर लोक ती झाडं, ती विहीर बघायला गाड्या करून गेले.

या सगळ्यांत मला एक धागा दिसतो. आपली बोली, आपलं शिवार, आपली माणसं हा माल आपल्याकडं आधीपासून आहे, तो मुंबईहून आणावा लागत नाही. प्रश्न फक्त मालकीचा आहे. चॅनेल कुणाच्या नावावर आहे, गाणं कुणाच्या नावावर आहे, कागदावर काय लिहिलंय, यावर पैसा कुठल्या गावात थांबणार ते ठरतं.

चार कामाच्या गोष्टी

तुमच्यात कुणी गाणं लिहितं, कुणी बँजो पार्टीत वाजवतं, कुणी लग्नाचं शूट करतं, कुणी रील करतं. म्हणून मला सापडलेल्या चार गोष्टी सांगते. वही काढा, नाहीतर स्क्रीनशॉट.

पहिली. तुम्ही गाणं लिहिलं की त्याचा कॉपीराइट त्याच क्षणी तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. गीतकाराचा हा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. पण उद्या भांडण झालं तर पुरावा लागतो, म्हणून नोंदणी केलेली बरी. लिहिलेल्या गाण्याची सरकारी फी ५०० रुपये आहे. एका लग्नात बँजोवाल्यावर ओवाळून टाकतात त्यापेक्षा कमी!

दुसरी. "दादा, पाच हजार घे आणि इथं सही कर" असं कुणी म्हणालं, तर आधी कागद वाचा. कायदा सांगतो की हक्क देताना तो लेखी द्यावा लागतो आणि कुठलं गाणं, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहावं लागतं. वर्षं लिहिलीच नसतील तर मुदत पाचच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कोऱ्या जागा समोरच्याच्या फायद्याच्या असतात असं नाही. पण 'कायमचे, सर्व हक्क' असं छापलेलं असेल तर तिथं थांबा आणि वकिलाला दाखवा. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक झालं. सिनेमात किंवा रेकॉर्डमध्ये घेतलेल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीतला हक्काचा वाटा आहे, आणि तो कंपनीला लिहून देताच येत नाही.

तिसरी. नुसता वाजवणारा, नाचणारा, गाणारा असेल, तरी त्याला हक्क आहे. १९९४ पासून आपल्या कायद्यात सादरकर्त्याचा हक्क आहे. त्याच्या संमतीशिवाय कार्यक्रम रेकॉर्ड करून धंदा करता येत नाही. २०१२ पासून सादरकर्ता म्हणून आपलं नाव लागण्याचाही हक्क आहे. म्हणून शूट करणाऱ्या माझ्यासारख्यांनी विचारावं आणि नाव लिहावं. हलगीवाल्या आजोबांना यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि ते सांगायला त्यांच्यापर्यंत कुणी गेलंही नव्हतं.

चौथी. यूट्यूबचं गणित नीट समजून घ्या. जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहणं लागतं, किंवा शॉर्ट्सवर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवर जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के तुम्हाला, शॉर्ट्सवर ४५. म्हणजे नुसत्या व्हायरल होण्यावर घर चालत नाही. चार मित्रांनी मिळून चॅनेल काढलं असेल तर पहिल्या दिवशीच लिहून ठेवा, चॅनेल कुणाच्या ईमेलवर, पासवर्ड कुणाकडं, पैसे कसे वाटायचे. दोस्ती तुटते ती बहुतेक वेळा पहिलं पेमेंट आल्यावर. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन आत्ता, हा भाग ऐकता ऐकता चालू करा.

वर्गणीच्या वहीत काय बदलायचं

शेवटी परत यात्रा कमिटीकडं येते, कारण सरकारनं काय करावं हे सगळेच सांगतात, मी गावानं काय करावं तेवढं सांगते.

सुपारी ठरवताना घासाघीस करा, तो व्यवहार आहे. पण ठरलेली रक्कम खेळ संपल्यावर, पहाटे, पूर्ण द्या. "पुढच्या वर्षी बघू" म्हणून राखलेले पैसे मालक पुढं कलाकाराच्या वाट्यातून कापतो. पाऊस आला आणि खेळ अर्धा झाला तर काय, हे आधीच लिहून ठेवा. कपडे बदलायला आडोसा, संडास आणि पाणी, एवढं फडातल्या बायकांसाठी तयार ठेवा. समोर बायकांची वेगळी बैठक करा आणि शिट्ट्या मारणाऱ्याला उठवायची जबाबदारी गावातल्या दोन वडीलधाऱ्यांवर द्या.

आणि एक अगदी फुकटचं काम. आपल्या यात्रेचा फ्लेक्स डोळ्यांसमोर आणा. वर देव, मग साहेब, दादा, भाऊ, आण्णा, युवा नेते, भावी सरपंच असे चाळीस-पन्नास फोटो. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'रात्री लोकनाट्य तमाशा'. फ्लेक्स डिझाइन करणारे पोरं आपल्यातलेच आहेत. यंदा त्यांना सांगा, दोन भावी सरपंच कमी करा आणि त्या जागेत ढोलकी कोण वाजवणार, सोंगाड्या कोण, वग कुणी लिहिलाय, त्यांची नावं टाका. फडमालकाला फोन केला तर पाच मिनिटांत यादी मिळेल. तोच फोटो तुम्ही स्टेटसला ठेवाल, तो दहा गावांत फिरेल आणि पुढच्या चैत्रात कुणीतरी त्या नावानं बोलावणं धाडेल.

तुमच्या गावच्या यात्रेतल्या कलाकारांची नावं मला पाठवा, त्यांना विचारून पाठवा. पुढच्या भागाच्या सुरुवातीला मी ती वाचून दाखवीन, गावासकट. चला, भेटू. आणि वर्गणी दिली नसेल तर देऊन टाका!